शेतकऱ्याची बंदूक : रायफल घ्यावी कीं छऱ्याची ?

भात पोटरींत आलें, भुईमुगाच्या शेंगांत दाणा धरला, किंवा मक्याच्या कणसांत चीक भरला, कीं रानडुकरांच्या वाटा शेतांकडे वळतात, आणि त्याच सुमारास आम्हांस एक प्रश्न हटकून विचारला जातो, "कोणती रायफल घ्यावी?" विचारणारे गृहस्थ बहुधा रायफलीचें नांव अगोदरच ठरवून आलेले असतात आणि आम्हीं केवळ मान डोलवावी एवढीच त्यांची अपेक्षा असते. आमचें उत्तर मात्र बहुतेकांच्या बाबतींत एकच असतें. तें असें कीं, रायफल मुळींच घेऊं नये. गुळगुळीत नळीची साधी बंदूक घ्यावी, आणि तीहि आपल्या शेताचा उतार, भोंवतालची वस्ती व येणारें जनावर पाहून घ्यावी. हें ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. म्हणून त्यामागील कारणें एकदां सविस्तर मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नळीच्या आंतल्या अंगास मळसूत्रासारखे पेंच पाडलेले असले म्हणजे ती रायफल. या पेंचांमुळें गोळीला स्वतःभोंवतीं फिरण्याची गति मिळते. भोंवरा फिरत असेपर्यंत जसा ताठ उभा राहतो, तशी ती गोळी आपला रोख न सोडतां दूरवर जाते. पेंच नसलेली ती साधी बंदूक. तिच्यांतून छर्रे उडवितां येतात आणि एकेरी गोळीहि उडवितां येते. साध्या बंदुकीचें माप सांगण्याची रीत मोठी गमतीची आहे. एक रत्तल शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत बरोबर बसेल, ती बारा बोरची बंदूक; वीस गोळ्या केल्या तर वीस बोरची. म्हणजे आंकडा वाढला कीं नळी लहान होते. दुकानांत प्रथमच गेलेल्या मनुष्याची येथें हमखास फसगत होते. बारा बोरच्या नळीचा व्यास .७२९ इंच, म्हणजे सुमारें साडेअठरा मिलिमीटर भरतो. रायफलीचें माप मात्र सरळ इंचांत अथवा मिलिमीटरांत सांगतात.

जुन्या काळच्या शिकाऱ्यांच्या घरीं पांच-सहा शस्त्रें असत, तीं केवळ हौसेखातर नसत. गवा आणि हत्ती यांसारख्या अंगानें प्रचंड जनावरांसाठीं दुनळी जड रायफल, सांबर व अस्वल यांसाठीं मध्यम मापाची, उघड्या माळावर दूर चरणाऱ्या काळविटासाठीं व चिंकाऱ्यासाठीं हलकी पण लांब पल्ल्याची, आणि तित्तर, लावा यांसाठीं छऱ्याची बारा बोर, अशी त्यांची वांटणी असे. तिच्या मुळाशीं दोनच गोष्टी होत्या : जनावराचें वजन किती, आणि तें किती अंतरावरून मारावयाचें. वजनदार जनावराला वजनदार गोळी लागते, कारण जाड कातडें व हाडें फोडून ती काळजापर्यंत पोंचली पाहिजे. दूरच्या जनावराला वेगवान गोळी लागते, कारण मंद गोळी वाटेंतच फार खालीं येते. अर्थात् हातखंडा नेम असला तर हलक्या शस्त्रानेंहि मोठें काम होतें. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांस १९०७ सालीं जी रायफल भेट मिळाली, ती रिग्बी कंपनीची .२७५ बोरची हलकी रायफल होती. परंतु कॉर्बेट यांचें उदाहरण दाखवून शस्त्र निवडणें म्हणजे मल्लाचा खुराक पाहून आपला आहार ठरविण्यासारखें आहे.

आपल्या देशांतील रायफलींच्या मापांवर राजकारणाचीहि छाप पडलेली आहे. बंडखोरांच्या हातीं असलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींस दारूगोळा मिळूं नये म्हणून इंग्रज सरकारनें १९०७ च्या सुमारास .४५० बोरच्या रायफली हिंदुस्थानांत आणण्यास बंदी केली. तेव्हां लंडनच्या कारागिरांनीं .४६५, .४७० व .४७५ अशीं नवीं मापें काढलीं आणि तींच पुढें जगभर नांवाजलीं. .३०३ हें लष्कराचें माप असल्यामुळें तेंहि खाजगी इसमांस मना होतें, आणि सामान्य परवान्यावर तें आजहि मिळत नाहीं. या मनाईमुळेंच .३१५ हें माप आपल्याकडे रूढ झालें व ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ ची रायफल गांवोगांव माहीत झाली. शेतकरी जेव्हां "रायफल" म्हणतो तेव्हां बहुधा हीच त्याच्या डोळ्यांपुढें असते.

आतां या सर्व वांटणीचा आज उपयोग किती ? छंद म्हणून शिकार करणें आपल्या देशांत बंद झालें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत आरंभीं शिकारीच्या परवान्यांस जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीनें तीहि गेली. त्यामुळें काळविटाची रायफल व सांबराची रायफल हे भेद आतां पुस्तकांत राहिले. शेतकऱ्यापुढें उरलेला प्रश्न एवढाच कीं, पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराचा बंदोबस्त कायद्याच्या आंत राहून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिवाला धोका न पोंचवितां, कसा करावा.

येथें एक मोठा गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. बंदूक बाळगण्याचा परवाना आणि जनावर मारण्याची परवानगी हे दोन निरनिराळे कागद आहेत. पहिला जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरींतून, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालीं मिळतो. दुसरा वनखात्याकडून, वन्यजीव अधिनियमाच्या ११ व्या कलमाखालीं मिळतो; मुख्य वन्यजीव रक्षकानें अथवा त्यानें अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानें, उभ्या पिकांस अमुक जनावर धोकादायक झालें आहे अशी खात्री करून घेऊन, कारणांसह लेखी दिलेला तो हुकूम असतो. पीकसंरक्षणाचा परवाना खिशांत आहे म्हणून डुक्कर मारतां येतें असें मानणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. परवान्यावर "पीकसंरक्षण" हा शब्द लिहिलेला असतो, त्यामुळें असें वाटणें स्वाभाविक आहे; तरी तें खरें नाहीं. दुसरा कागद नसतांना मारलेलें डुक्कर हा गुन्हाच होतो. आणि परवानगीनें मारलेलें डुक्करहि मारणाराचें होत नाहीं, तें सरकारची मालमत्ता ठरतें. त्याच्या मांसाची वांटणी करणें ही स्वतःहून ओढवून घेतलेली आपत्ति होय. स्वतःवर अथवा दुसऱ्या मनुष्यावर जनावर चालून आलें असतां प्रामाणिकपणें जीव वांचविण्यासाठीं केलेला बार गुन्हा होत नाहीं, हें खरें. पण ही सवड मनुष्याच्या जिवासाठीं आहे, पिकासाठीं नाहीं.

दुसऱ्या राज्यांतील बातम्या ऐकूनहि घोटाळा होतो. बिहारमध्यें २०१५ च्या अखेरीस नीलगाय व रानडुक्कर, आणि उत्तराखंडांत २०१६ सालीं रानडुक्कर, कांहीं भागांपुरतें व ठराविक मुदतीपुरतें उपद्रवी म्हणून जाहीर झालें होतें. केरळांत २०२२ सालीं डुक्कर मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांस मिळाला. हे हुकूम त्या त्या राज्यापुरते होते. त्यांच्या भरंवशावर आपल्या शिवारांत बार काढणें योग्य नव्हे.

शस्त्राच्या निवडीविषयीं कायद्यानें स्वतःच एक दिशा दाखविली आहे, ती ध्यानांत घेण्याजोगी आहे. शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमांत खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. आणि ठासणीची बंदूक त्या कामास पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास, वीस इंचांहून कमी नळी नसलेली दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देतां येते. रायफलीचें नांव या ठिकाणीं नाहीं. रायफल मागणाराला आपली गरज वेगळ्यानें पटवून द्यावी लागते व ती पटेलच असें नाहीं. कायदा करणारांनीं शेतकऱ्यांचा हात आंखडता ठेवण्यासाठीं असें लिहिलें, अशी कुरकूर आम्हीं ऐकली आहे. आमच्या मतें यांत शहाणपण आहे. तें कसें, तें पाहूं.

शेत म्हणजे जंगल नव्हे. डुक्कर ज्या भातांत शिरलें आहे त्याच्या पलीकडे दुसऱ्याचें भात आहे, तेथें दुसरा राखणदार बसला आहे, त्याच्याहि पलीकडे वाडी आहे. .३१५ ची गोळी जनावर चुकली, किंवा त्याच्या मऊ अंगांतून आरपार गेली, तर ती कोठें थांबेल हें बार काढणाराला सांगतां येणार नाहीं. .२२ बोरची बारीक गोळी, जिला पुष्कळ लोक खेळण्यांतली समजतात, तिच्या पेटीवरसुद्धां दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते. मग मोठ्या रायफलीची गोष्ट काय सांगावी? छऱ्यांचें तसें नाहीं. फ्रेंच सेनाधिकारी जूर्ने यांचा एक जुना ठोकताळा आहे : छऱ्याचा व्यास इंचांत घेऊन त्यास २२०० नें गुणिलें, म्हणजे तो छर्रा जास्तींत जास्त किती यार्ड जाईल तें अदमासें निघतें. या हिशेबानें सहा नंबरचा बारीक छर्रा सुमारें २०० मीटरांवर निर्जीव होतो. डुकरासाठीं वापरतात तो एस.जी. छर्रा, ज्याचा व्यास .३३ इंच असतो, तो साडेसहाशे मीटरांच्या पुढें जात नाहीं. बारा बोरची एकेरी गोळी मात्र हजार-बाराशे मीटरांच्याहि पलीकडे जाऊं शकते, आणि तिची काळजी कशी घ्यावी तें पुढें सांगूं. हे आंकडे धोक्याच्या मर्यादेचे आहेत, जनावर मरण्याच्या अंतराचे नव्हेत. तें अंतर याच्या विसाव्या हिश्शाइतकेंहि नसतें.

शिवाय डुक्कर रात्रीं येतें, आणि दाट पिकांत वीस-पंचवीस पावलांपलीकडे दिसत नाहीं. दोनशे मीटरांवर अचूक लागणाऱ्या शस्त्राचा गुण अशा ठिकाणीं वायां जातो. दोष तेवढा शिल्लक राहतो.

रानडुकराची शरीररचना ज्यानें नीट पाहिली नाहीं त्यानें त्याच्यावर बार काढूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोंच्या पुढें भरतो. त्याच्या खांद्यांवर व फऱ्यांवर जाड, चिवट कातड्याची ढाल असते, आणि चिखलांत लोळून वर मातीचें पुटहि चढलेलें असतें. पाठीवरचे राठ केस उभे राहिले म्हणजे तो आहे त्यापेक्षां उंच दिसतो; त्यामुळें अंगाच्या मध्यावर धरलेला नेम प्रत्यक्षांत पाठीच्या कण्यावरून किंवा वरच्या मांसांतून जातो. त्याचें काळीज पुढच्या पायांच्या लगत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शांत असतें. बाजूनें उभें असलेल्या डुकराच्या पुढच्या पायाच्या मागील कडेनें वर जावें व अंगाच्या एकतृतीयांश उंचीवर नेम धरावा. समोरून येणाऱ्या डुकराच्या कपाळावर बार काढूं नये. हाड उतरतें व जाड असतें, आणि छर्रे त्यावरून घसरतात.

आतां काडतुसाविषयीं. एस.जी.चे एका औंसांत साधारणपणें ८ छर्रे बसतात, एल.जी. त्याहून मोठे, म्हणून संख्येनें कमी. दुकानदार हेंच डुकराचें काडतूस म्हणून देतो, आणि तें चुकीचें नाहीं. पण त्याची मर्यादा तो सांगत नाहीं. सरळ नळींतून सुटलेले हे आठ-नऊ छर्रे तीस मीटरांवर मीटरभराहून रुंद वर्तुळांत पसरतात. त्या वर्तुळांत डुकराच्या काळजाची जागा वीतभर. म्हणजे मर्मावर एखादा छर्रा लागला तर लागला. बाकीचे पोटांत, मांडींत नाहीं तर मातींत. असें जनावर जागीं पडत नाहीं. तें झाळींत जाऊन बसतें आणि सकाळीं गवत कापावयास गेलेल्या बाईवर अथवा गुराख्यावर चालून येतें. म्हणून एस.जी.चा बार पंधरा-वीस पावलांच्या आंत काढावा, नाहीं तर काढूंच नये. त्यापुढें चाळीस-पन्नास मीटरांपर्यंत एकेरी गोळीचें काडतूस खात्रीचें. मात्र गोळीच्या काडतुसास नळी कशी आहे तें पाहावें लागतें. पुष्कळ दुनळींत एका नळीचें तोंड आवळलेलें असतें, त्यास चोक म्हणतात. छर्रे दूरपर्यंत एकत्र राहावेत म्हणून ही योजना असते. आवळलेल्या नळींतून तिच्या मापाबाहेरची गोळी उडविली तर नळी फुगते अथवा फाटते. एकेरी गोळी नेहमीं सरळ नळींतून, आणि काडतूस करणाराची सूचना वाचून, उडवावी.

एकेरी गोळी दूर जाते हें वर आलेंच आहे. तिच्यावरचा उपाय आपल्या वाडवडिलांनीं केव्हांच शोधून ठेवला आहे, तो म्हणजे माळा. डुकरापासून राखणदार सुरक्षित राहावा एवढाच माळ्याचा उपयोग आहे असें लोक समजतात. त्याचा त्याहून मोठा गुण असा कीं, दहा-बारा फूट उंचीवरून जवळच्या जनावरावर काढलेला बार खालच्या दिशेनें जातो आणि चुकला तर मातींत शिरतो. जमिनीवर बसून काढलेला तोच बार आडवा धांवतो. कोंकणांत यांत आणखी एक भर आहे. जांभ्या दगडाचे गडगे आणि पाण्यानें भरलेलीं भातखाचरें यांवरून शिशाची गोळी उसळते. सपाट पाण्यावर फेंकलेली चीप जशी टप्पे घेत जाते, तशीच. तिचा रोख मग कोणाच्याच हातीं राहत नाहीं. म्हणून गडग्याच्या दिशेनें गोळीचा बार काढूं नये, आणि माळा बांधतांना त्याचें तोंड चढाच्या बाजूस, मागें मातीचा बांध अथवा डोंगराचा उतार येईल असें ठेवावें.

रात्रीच्या राखणीविषयीं आणखी एकच गोष्ट सांगावयाची, पण ती सर्वांत महत्त्वाची. पिकांत हालचाल झाली, खसखस ऐकूं आली, दोन डोळे चमकले, एवढ्यावर चाप ओढूं नये. डुक्कर समजून मनुष्यावर बार झाल्याच्या बातम्या आपल्याकडे वारंवार येतात, आणि मेलेला मनुष्य बहुतेक वेळां परका नसतो. बरोबर राखणीस आलेला भाऊ, शेजारी, नाहीं तर मित्र असतो. कोण कोठें बसणार हें दिवसां ठरवावें, जागा सोडण्यापूर्वीं हांक द्यावी, आणि जनावर डोक्यापासून शेंपटीपर्यंत दिसल्याखेरीज बोट चापावर नेऊं नये. तेवढ्या वेळांत डुक्कर निघून गेलें तर जाऊं द्यावें.

ठासणीच्या बंदुकीला हल्लीं हंसण्याची पद्धत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कित्येक घरीं ती पिढ्यान् पिढ्या आहे, किंमतीनें हलकी आहे, आणि तिचा मोठा आवाज व धूर यांनींच कळप पांगतो. पुष्कळदां तेवढेंच काम हवें असतें. तिचे दोष मात्र ओळखले पाहिजेत. एक बार झाला कीं दुसरा भरण्यास वेळ लागतो, म्हणून घायाळ डुकरापुढें ठासणीवाला निःशस्त्रच समजावा. दारू सर्द झाली तर घोडा पडूनहि बार होत नाहीं. किंवा क्षणभर थांबून होतो. अशा वेळीं नळींत डोकावणें किंवा बंदूक फिरविणें प्राणावर बेतलें आहे. पुरता मिनिटभर नळी सुरक्षित दिशेकडे धरून ठेवावी आणि मग नवी टोपी चढवावी. सर्वांत घातक प्रकार म्हणजे भरलेल्या नळींत पुन्हां बार ठासणें. त्याला एक सोपा उपाय आहे. रिकाम्या नळींत गज घालून तोंडाशीं गजावर एक खूण करावी, योग्य बार भरल्यावर दुसरी करावी. मग अंधारांतहि गज घालून अंगठ्यानें खूण चांचपली कीं नळी रिकामी आहे, भरलेली आहे, कीं दुप्पट भरली आहे, तें कळतें. दारू डोळ्यांनीं न भरतां नेहमीं मापानें भरावी, आणि काळ्या दारूच्या बंदुकींत काडतुसांतील दारू काढून कदापि घालूं नये. ती कित्येक पट जोराची असते व नळीच्या चिंधड्या करते.

ठासणी कीं काडतुसाची, याचा आमचा निर्णय असा : राखणदार एकटा असेल, डुकरें कळपानें येत असतील व हांकलणें एवढाच हेतु असेल, तर ठासणी पुरते. वनखात्याच्या परवानगीनें प्रत्यक्ष जनावर मारावयाचें असेल तर बारा बोरची दुनळी पाहिजे, कारण दुसरा बार हाच शिकाऱ्याचा अंगरक्षक. त्यासाठीं अर्ज करतांना ठासणी कां पुरत नाहीं तें स्पष्ट लिहावें. नुसतें "पीकसंरक्षणासाठीं" असें लिहिल्यानें काम होत नाहीं. पंचनामे, वनखात्याकडे दिलेल्या तक्रारी, नुकसानभरपाईचे कागद हीं सर्व अर्जास जोडावीं.

इतर जनावरांविषयीं थोडक्यांत. विदर्भ-मराठवाड्यांतील रोही, म्हणजे नीलगाय, अंगानें घोड्याएवढी. नर दोनशे किलोंच्या पुढें जातो. एस.जी.नें ती मरत नाहीं, नुसती पांगळी होते. तिच्यासाठीं रायफलच लागते, आणि ती शेतकऱ्याच्या हातीं नव्हे, तर परवानगीनें नेमलेल्या निष्णात नेमबाजाच्या हातीं असावी. २०१६ सालीं बिहारांत मोकामा येथें दोनशेंहून अधिक नीलगायी अशा नेमबाजांकडून मारविल्या गेल्या, त्यावरून देशभर वाद झाला. तो वाद बाजूस ठेवला तरी तें काम येऱ्यागबाळ्याचें नव्हे हें त्यांतून दिसून आलें. वानरांवर व माकडांवर छर्रे मारण्याची कित्येकांस खोड असते. तो गुन्हा तर आहेच, शिवाय घायाळ माकड टोळीसह दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतें. गवा व हत्ती यांच्यापुढें बंदूक नेऊंच नये. दोन्ही पहिल्या अनुसूचींतील जनावरें आहेत आणि त्यांच्या शिकारीस तीन ते सात वर्षांची कैद आहे. २००२ च्या सुमारास कर्नाटकांतून दोडामार्गाकडे हत्ती उतरूं लागले, तेव्हांपासून तेथील बागाईतदारांनीं काय सोसलें आहे तें आम्ही जाणतों; परंतु छऱ्यानें डिवचलेला हत्ती बाग सोडून घरावर येतो. मोराचेंहि तसेंच, तो भुईमूग कितीहि उकरो.

कुंपणाच्या तारेंत वीज सोडणें आणि पिठाच्या गोळ्यांत गांवठी बॉम्ब घालून ठेवणें, हे दोन प्रकार बंदुकीहून स्वस्त म्हणून वाढत आहेत. त्यांत कुत्रीं, गुरें, वाघ आणि माणसें मरतात. यांविषयीं अधिक लिहिण्याची आमची इच्छा नाहीं. हे उपाय नव्हेत, खून आहेत.

घरांत वडिलोपार्जित बंदूक असेल तर नवी घेण्यापूर्वीं ती तपासावी. परवानाधारक वारल्यावर ती वारसाची आपोआप होत नाहीं. ती पोलीस ठाण्यांत अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नांवें परवाना मागावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका इसमास दोनच शस्त्रें ठेवतां येतात व परवान्याची मुदत पांच वर्षांची झाली आहे. परवाना ज्याच्या नांवें त्यानेंच बंदूक वापरावी. "आजची रात्र जरा द्या" म्हणून शेजाऱ्यास देण्याची जी गांवची रीत आहे ती दोघांसहि तुरुंगांत नेईल. आतां बंदुकीकडे वळूं. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी अगर लांकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी, म्हणजे लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या गुंडाळून जोडलेली. ती काळ्या दारूसाठीं केलेली असते. हल्लींच्या काडतुसांचा दाब तिला सोसत नाहीं. अशी बंदूक शोभेला ठेवावी. दुसरें असें कीं, जुन्या विलायती बंदुकींचीं घरें अडीच इंची काडतुसांसाठीं असत आणि हल्लींचीं काडतुसें पुष्कळदां पावणेतीन इंची असतात. तीं आंत जातात, म्हणून चालतात असें वाटतें; परंतु सुटतांना काडतुसाचें तोंड उलगडण्यास जागा राहत नाहीं व दाब भलताच वाढतो. नळीवर कोरलेलें माप वाचून मगच खडकीच्या कारखान्याचीं किंवा दुसरीं काडतुसें घ्यावीं.

निवडणुका लागल्या कीं बंदुका जमा करण्याचा हुकूम निघतो आणि तो नेमका पिकाच्या ऐन हंगामांत आला तर शेतकऱ्याचे हाल होतात. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणें छाननी समितीनें परवानाधारकांचा विचार करून निर्णय घ्यावयाचा असतो. तेव्हां ज्याचें पीक उभें आहे त्यानें समितीकडे वेळेवर लेखी अर्ज करावा. अर्ज न करतां नुसता त्रागा करण्यांत अर्थ नाहीं.

बंदुकीचा खरा शत्रु पावसाळा. काळ्या दारूचा कीट हवेंतील ओल शोषून घेतो आणि एका रात्रींत नळीला गंज चढवितो. म्हणून बार केला त्याच रात्रीं नळी कढत पाण्यानें धुवावी, चिंधीनें पुरती कोरडी करावी, आणि मग बंदुकीचें तेल पातळसें द्यावें. खोबरेल तेल वापरूं नये, तें चिकटतें व घोडा जड करतें. कातडी पेटींत बंदूक ठेवणें दिसावयास चांगलें, पण कातडें ओल धरून ठेवतें. कोरड्या कापडांत गुंडाळून कुलुपांत उभी ठेवणें बरें. काडतुसें बंदुकीपासून वेगळ्या कुलुपांत, घट्ट झांकणाच्या डब्यांत असावींत. ज्याचें पुठ्ठ्याचें अंग फुगलें आहे किंवा ज्याच्या पितळेवर हिरवट डाग आला आहे, तें काडतूस उन्हांत वाळवून वापरण्याचा मोह आवरावा आणि तें विक्रेत्याकडे परत द्यावें.